ऊसतोड कामगार महामंडळ: टनाला दहा रुपये जातात, तरी टोळी वेळेवर का येत नाही?



डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे येणाऱ्या फोनमध्ये पिकाचे प्रश्न कमी आणि तोडीचे जास्त असतात. "आडसालीला सतरावा महिना संपत आला, तुरा आलाय, टोळी काही येईना. पाणी चालू ठेवू की बंद करू?" या प्रश्नाचे पिकापुरते उत्तर दोन ओळींचे आहे. तोडीची खात्री नसेल तर पाणी पूर्ण बंद करू नका, पाळ्या लांबवा आणि हलके पाणी द्या. तोडीची तारीख पक्की झाली की त्याआधी साधारण पंधरा दिवस पाणी तोडा. पण तारीखच पक्की होत नाही, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर माझ्या पुस्तकात नाही. ते मजुरांच्या व्यवस्थेत आहे. म्हणून आजचा लेख लागवड, खत किंवा कीड यांवर नसून ऊसतोडीच्या कारभारावर आणि त्यासाठी शासनाने उभ्या केलेल्या महामंडळावर आहे.

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ हे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाखाली ते येते आणि पुण्यातून त्याचे काम चालते. सूत्र सोपे आहे. कारखान्याने गाळलेल्या प्रत्येक टनामागे १० रुपये महामंडळाला द्यायचे आणि तेवढेच पैसे राज्य शासनाने घालायचे. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे ५० लाख आणि शासनाचे ५० लाख, असा हिशेब होतो. राज्याचे गाळप हजार लाख टन धरले, तर दोन्हीकडचे मिळून २०० कोटी.

आकडा मोठा वाटतो. आता तो वाटून पाहू. राज्यात ऊसतोड कामगार किती, याला आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत वेगवेगळी उत्तरे दिली जातात. मधले दहा लाख धरले तर माणशी वर्षाला २,००० रुपये येतात. आणि 'आठ ते बारा लाख' यातच एक गोष्ट लपलेली आहे. ज्या कामगारांसाठी महामंडळ आहे त्यांची नेमकी संख्या अजून पक्की नाही. खताचा डोस ठरवताना शेताचे क्षेत्र आठ एकर की बारा एकर हेच माहीत नसेल तर काय होईल, तसा हा प्रकार आहे.

मालक कोण?

महामंडळाकडे वळण्याआधी पैशाची वाट नीट पाहू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. हे पैसे आपल्या हातात पूर्ण येत नाहीत. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातून कापला जातो. कारखान्यानुसार आणि अंतरानुसार ही कपात टनाला सातशे-आठशेपासून हजाराच्या पुढे जाते. म्हणजे तोडणीचे पैसे शेतकऱ्याच्या बिलातून जातात.

कारखाना हे पैसे वाहतूक कंत्राटदाराला देतो. कंत्राटदार म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच गावातला ट्रॅक्टर किंवा ट्रक मालक. तो उन्हाळ्यात-पावसाळ्यात बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव, जळगाव, नंदुरबारकडे जाऊन मुकादमाला उचल देतो. मुकादम ती उचल कोयत्यागणिक वाटतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. या साखळीत पैसे देणारा शेतकरी, काम सांगणारा कारखान्याचा शेतकी विभाग, करार करणारा कंत्राटदार आणि माणसे आणणारा मुकादम. कामगार नेमका कोणाचा? कारखाना म्हणतो कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणतो मुकादमाचा. मुकादम तर स्वतःलाही कामगारच म्हणवतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचाही कोयता चालू असतो, हे खोटे नाही.

दोन वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यात खोडव्याची पाहणी करत होतो. शेजारच्या फडात मोळ्या बांधणाऱ्या एका बाईंना मी महामंडळाच्या ओळखपत्राबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "आमचं नाव कुठंच नसतंय साहेब. कारखान्यात गाडीचं नाव, गाडीवाल्याकडं मुकादमाचं नाव, अन् मुकादमाच्या वहीत मालकाचं. माझं नाव रेशनच्या कार्डावर हाय, ते तिकडं गावाला." या तीन वाक्यांत जी अडचण आहे ती मी अनेक अहवालांत इतकी स्वच्छ वाचलेली नाही.

कायद्यातही हीच पोकळी आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्ये तो सामावला गेला. पण त्यात संरक्षण मिळते ते राज्याची हद्द ओलांडणाऱ्याला. बीडची टोळी बेळगावकडे गेली तर ती स्थलांतरित, कोल्हापूरला आली तर नाही. अंतरात फारसा फरक नाही आणि खोपीत तर मुळीच नाही.

महामंडळ आज काय करते

यात चांगले काय आहे तेही सांगितले पाहिजे. कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. दहा जिल्ह्यांतील ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, असा आराखडा आहे. मूल गावात राहिले तरच शाळेत राहते. फडावर आलेले मूल आधी धाकट्या भावंडाला सांभाळते आणि मग वाढे गोळा करते. त्यामुळे ही योजना नेमक्या ठिकाणी आहे. अपघातात कामगाराचा मृत्यू झाला तर वारसाला ५ लाखांचे साहाय्य ठरलेले आहे. खोपी जळणे आणि बैल दगावणे यांचाही त्यात विचार झाला आहे. टायरगाडी ओढणारा बैल मेला की त्या जोडीचा हंगामच मरतो, हे कोणाच्या तरी लक्षात आले म्हणायचे.

ओळखपत्र गावातच ग्रामसेवकामार्फत द्यायचे, अशी पद्धत ठेवलेली आहे. कामगाराने स्थलांतराआधी नाव नोंदवायचे. कागदावर बरोबर. प्रत्यक्षात दसऱ्याच्या आसपास टोळ्या निघायला लागतात, त्याच वेळी ग्रामसेवकाच्या टेबलावर पीक नुकसानीचे पंचनामे असतात. हंगाम संपवून टोळी परत येते ती एप्रिलमध्ये. मग नोंदणीचा विषय पुढच्या दसऱ्यावर जातो. कारखान्याकडे जी यादी असते ती कंत्राटदार आणि वाहन क्रमांकाची. ग्रामपंचायतीची यादी आणि कारखान्याची यादी एकमेकींना ओळखत नाहीत.

माझ्या मते महामंडळाची मर्यादा नेमकी इथे आहे. ते पैसे टनावर घेते, पण माणसावर नोंद ठेवत नाही. मजुरी ज्या वाटेने वाहते त्या वाटेवर ते कुठेच उभे नाही. वसतिगृह, अपघात साहाय्य, आरोग्य तपासणी हे सगळे वाटेच्या कडेला आहे. वाटेवर आहे ती उचल.

उचलीचा हिशेब

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. तोडणीचा मूळ दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३४ टक्क्यांनी वाढून ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशन २० टक्के झाले. चांगली वाढ होती, यात वाद नाही.

एक जोडी दिवसाला सरासरी दोन टन तोडते असे धरू. भारी ऊस, सरळ उभा असेल तर जास्त पडतो. लोळलेला असेल तर दीड टनही होत नाही. दोन टनाला ७३२ रुपये, दोन माणसांचे. पहाटे चारला उठून, रात्री गाडी भरेपर्यंत. १२० दिवस खाडा न करता काम झाले तर ८७,८४० रुपये. शिवाय वाढे विकून चार पैसे सुटतात.

आता उचल पाहा. अलीकडे एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात गेल्याचे कंत्राटदार आणि मुकादम दोघेही सांगतात. एक लाख उचल आणि ८७,८४० ची तोड. संपूर्ण हंगाम करून १२,१६० रुपये अंगावर राहतात, ते पुढच्या हंगामात जातात. मधल्या पाच-सहा महिन्यांचा किराणा, दवाखाना, आठवड्याची खर्ची हेही बहुधा मुकादमाकडूनच, तेही उचलीत चढते. या हिशेबाची एकच वही असते, ती मुकादमाकडे. कामगाराकडे प्रत नसते.

एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा. अनेक टोळ्यांत खाड्याचे दिवसाला ५०० रुपये कापतात. मजुरी बुडते ती वेगळी. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. दर सहा बाईंमागे एक. कारणे अनेक सांगितली गेली आणि खासगी दवाखान्यांचा भाग त्यात मोठा होता. पण पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्या बायकांनी पुन्हा पुन्हा सांगितले. टनावर बेतलेली मजुरी आणि अंगावरची उचल या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते त्या आकड्यात आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वाहन मालकाने कर्ज काढून दहा-पंधरा लाख उचल मुकादमाला दिली आणि दसऱ्याला मुकादमाचा फोन बंद, असे दर वर्षी घडते. स्टॅम्प पेपर आणि धनादेश हातात असतो, टोळी दुसऱ्याच कारखान्यावर असते. माझ्या नात्यातल्या एका ट्रॅक्टर मालकाने यात ट्रॅक्टर विकला. अशा वेळी काही ठिकाणी मुकादम सापडत नाही म्हणून कामगारांनाच अडवून ठेवले जाते. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा याच गोष्टीला गुन्हा म्हणतो.

म्हणजे एकाच उचलीत कामगार बांधला जातो आणि पैसे देणारा फसतो. दोघांचेही नुकसान एकाच कारणाने होते: व्यवहाराची तिसऱ्या, विश्वासाच्या जागी नोंद नाही.

माथाडी मंडळाने काय केले

अशी तिसरी जागा महाराष्ट्राने पूर्वी उभी केलेली आहे. महाराष्ट्र माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार कायदा, १९६९. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बाजारांतले हमाल संघटित झाले, त्यातून हा कायदा आला. हमालाचीही अवस्था तशीच होती. आज एका गाळ्यावर, उद्या दुसऱ्या. मालक अनेक, म्हणजे कोणीच नाही.

कायद्याने 'मालक कोण' हा वाद न सोडवता बाजूला ठेवला. शासन, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ केले. कामगाराची नोंदणी मंडळाकडे आणि मालकाचीही नोंदणी मंडळाकडे. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, मंडळ ती मजुरी कामगाराला देते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. हमाल दहा गाळ्यांवर राबला तरी त्याचे खाते एकच राहते.

मालकाला काय मिळाले, हे सहसा सांगितले जात नाही. त्याला ठरलेला दर मिळाला, नोंदलेली टोळी मिळाली, तंटा झाला तर जायला एक कार्यालय मिळाले, आणि निधी-उपदानाचे कागद स्वतः ठेवण्याची कटकट गेली.

फरक किती आहे ते आकड्यात पाहू. ऊसतोड महामंडळाचे कारखाना आणि शासन मिळून २० रुपये ३६६ रुपयांच्या मजुरीवर साडेपाच टक्के होतात. माथाडी मंडळांची लेव्ही मजुरीच्या तीस टक्क्यांच्या घरात किंवा त्याहून वर असते. साडेपाच टक्क्यांत निवृत्ती निधी उभा राहत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

पण माथाडी पद्धत जशीच्या तशी उसाच्या फडात आणा, असे मी म्हणणार नाही. तिची दुखणी आपण बाजार समितीत भोगलेली आहेत. एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत हमाली, तोलाई आणि त्यावरच्या लेव्हीचा वाद पेटला आणि कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद राहिले. लेव्ही कोणी भरायची, व्यापाऱ्याने की शेतकऱ्याच्या पट्टीतून, हा जुना वाद होता. भोगले शेतकऱ्याने, कारण चाळीतला कांदा वाट पाहत नाही. माथाडीच्या नावाने पावत्या फाडून पैसे उकळणाऱ्यांच्या तक्रारी औद्योगिक वसाहतींतून सतत येतात, त्याही खोट्या नाहीत. शिवाय हमाल एका बाजारात राहतो, तोडकरी तीनशे-चारशे किलोमीटर दूर जातो.

घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. मजुरी आणि उचल दोन्ही नोंदीच्या जागेतून गेली पाहिजे. ती जागा म्हणून महामंडळ तयार आहे, निधीचे सूत्र तयार आहे, आणि साखर आयुक्तालयाचा गाळप परवाना हाताशी आहे. परवान्याच्या वेळी कारखान्याकडून टनाचे दहा रुपये मागता येतात, तर टोळीतल्या माणसांची नावे, आधार आणि बँक खात्याची यादीही मागता येईल. उचल कामगाराच्या खात्यावर गेली की मुकादम ती घेऊन पळू शकत नाही, आणि कामगाराच्या अंगावर किती हे त्याच्या पासबुकात दिसते. मुकादमाचे कमिशन मुकादमाला द्या, टोळी जमवण्याचे काम तो करतोच. फक्त वही त्याच्या एकट्याच्या खिशात नको.

कारखान्यांचे यावरचे म्हणणे मी ऐकले आहे. एका कारखान्याच्या बैठकीत मी हे बोललो तेव्हा शेतकी अधिकारी म्हणाले, "साहेब, नाव नोंदवलं की तो आमचा कामगार झाला. मग उद्या निधी आला, उपदान आलं. शेवटी ते तुमच्या शेतकऱ्याच्याच बिलातून जाणार." ते चूक म्हणाले नाहीत. जाणारच आहे. मग शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब केला पाहिजे.

आपल्या एकराचा हिशेब

समजा मजुरीवर आणखी दहा टक्के लेव्ही बसली आणि ती पूर्ण आपल्यावर पडली. टनाला साडेछत्तीस रुपये. एकरी ५० टन उसाला सुमारे १,८३० रुपये. आज खुशाली म्हणून एकरी दोन ते पाच हजार देणारे शेतकरी मला दर हंगामात भेटतात. गाडी चालकाची 'एंट्री' वेगळी. साखर आयुक्तालयाने हे पैसे घेऊ नयेत, तक्रार आल्यास कंत्राटदाराच्या बिलातून वसूल करावेत, असे कळवलेले आहे. तरी मागणारा मागतो आणि देणारा देतो, कारण ऊस उभा आहे आणि टोळी उद्या दुसऱ्या फडात जाईल.

आता शेतीतले नुकसान. ऊस जमिनीलगत तोडला पाहिजे, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो. बुडाकडचे कांडे सर्वात जाड आणि सर्वात गोड. आठ फुटांच्या उसाचे तीन इंच वर राहिले तर लांबीच्या तीन टक्के ऊस रानात राहिला. पन्नास टनात दीड टन. सध्याच्या दराने साडेचार-पाच हजार रुपये, एकरी. शिवाय वर राहिलेल्या बुडख्याचे वरचे डोळे फुटतात, त्या फुटव्यांना जमिनीत मुळे धरत नाहीत, आणि खोडवा विरळ होतो. मग बुडखे छाटणीचा खर्च आपल्याच माथी.

वरून का तोडतात? टनावर पैसे मिळतात, मग बुडका घेतला तर कामगाराचाच फायदा नाही का? वाकून जमिनीलगत घाव घालायला लागणारा वेळ त्या तीन इंचाच्या वजनापेक्षा महाग पडतो, म्हणून. अंगावर उचल असलेली जोडी वेगाकडे पाहते, बुडख्याकडे नाही. लवकर सुटावे म्हणून फड पेटवण्याचा प्रकारही याच घाईतून येतो. पाचट जळते, जमिनीचा सेंद्रिय कर्ब जातो आणि जळीत उसाला बिलात कपात लागते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, जळीत तर त्याआधी. टोळी अर्धवट फड सोडून गेली की मोळ्या बांधावर सुकतात आणि वजनाचे नुकसान थेट आपले होते.

२०२१-२२ चा हंगाम आठवून पाहा. राज्यात सुमारे १,३२० लाख टन गाळप झाले, मराठवाड्यात जूनपर्यंत ऊस उभा होता. मे महिन्याच्या उन्हात टोळ्या थांबायला तयार नव्हत्या आणि त्यांना दोष कसा द्यावा? शासनाने १ मे नंतर गाळलेल्या उसासाठी टनाला २०० रुपये उतारा घट अनुदान आणि ५० किलोमीटरच्या पुढे वाहतूक अनुदान दिले. बीड जिल्ह्यात एका शेतकऱ्याने फड पेटवून जीव दिला. ज्या जिल्ह्यातून राज्यभर तोडकरी जातात, त्याच जिल्ह्यात ऊस तोडायला माणूस मिळाला नाही.

हार्वेस्टरबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून ९०० यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांतील कमी असेल तेवढे अनुदान मंजूर झाले. यंत्रे वाढतील आणि वाढावीत. पण त्याला साडेचार-पाच फुटांची सरी, मोठे प्लॉट आणि कोरडी जमीन लागते. साडेतीन फुटी सरीतल्या वीस गुंठ्यांच्या तुकड्यात यंत्र वळतही नाही. पाचटापोटी साडेचार-पाच टक्के वजावट लागते ती वेगळी. पुढची दहा वर्षे तरी कोयता लागणारच, असे धरून चालावे.

या हंगामात करता येण्यासारखे

तोड सुरू होण्याआधी गट कार्यालयातून टोळीचा करार क्रमांक आणि मुकादमाचे नाव लिहून घ्या. खुशाली मागितली तर तक्रार लेखी द्या, तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही. फडात पिण्याचे पाणी, सावली आणि बायकांसाठी आडोसा आपण करू शकतो. चार बांबू आणि जुन्या ताडपत्रीचा खर्च आहे. हे मी दयेपोटी सांगत नाही. पाणी आणायला दोन फर्लांग जाणारी जोडी तासभर तोड गमावते. पहिल्या दिवशी पहिल्या दोन सऱ्यांत स्वतः उभे राहून बुडखा कुठून घ्यायचा ते दाखवा. 'मालक' रात्री फोनवर ओरडतो त्यापेक्षा सकाळी दाखवलेले जास्त टिकते.

खोप्यांवर गेलात तर नोंदणीची विचारपूस करा. ओळखपत्र नसेल तर गावचा ग्रामसेवक ते देतो, हे पुष्कळ कामगारांना माहीतच नसते. अपघात झाला तर दवाखान्याचे आणि पोलिसांचे कागद त्याच दिवशी करून ठेवायला मदत करा, नंतर ते साहाय्य मिळवणे कठीण जाते. जे वाचक स्वतः वाहन कंत्राटदार आहेत त्यांनी पुढच्या हंगामाची उचल शक्य तेवढी कामगाराच्या नावाने खात्यावर द्यावी आणि प्रत्येक कोयत्याला हिशेबाची प्रत द्यावी. मुकादम कुरकुर करील.

आणि कारखान्याचे सभासद असाल तर वार्षिक सभेत दोन आकडे विचारा: गेल्या हंगामात महामंडळाला टनामागचे किती रुपये भरले, आणि आपल्या फडात राबलेल्या किती माणसांची नावे कारखान्याकडे आहेत. ३६६ रुपयांचा करार तीन हंगामांसाठी होता. २०२५-२६ हा त्यातला शेवटचा आहे, म्हणजे पुढच्या दसऱ्याच्या आत नवी बोलणी होणार. टनाचा दर किती वाढला हे तेव्हा सगळे छापतील. उचल आणि मजुरी कोणाच्या खात्यावर जमा होणार, याचे कलम करारात आहे की नाही, ते आपण शोधून वाचायचे आहे.